मुटक्यावरची बोटं

सुतक फिटलं त्या सकाळी यमुनाआत्याने देवघर उघडलं. देव धुऊन-पुसून जागेवर बसवले, समई चिंचेने घासून लखलखीत केली, नवी वात घातली आणि बुधल्यातलं खोबरेल पळीने ओतता ओतता ती मधेच थांबली. द्वारका मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे न वळताच आत्या म्हणाली, "आता तुझ्या तेलात पळी कोण घालणार गो बाय?"

द्वारकेला आधी काही उमगलंच नाही. इतके दिवस घरात जो तो असंच अर्धं मनातलं, अर्धं तोंडातलं बोलत होता. तिने सहज विचारलं, कसली पळी.

"समईची. तुझं कोकमतेल बोटीवर चढायच्या आधी येसू घालायची ती."

वात पेटली. आत्याने हात जोडले. द्वारकेला हात जोडायचं भान राहिलं नाही.

येसू म्हणजे येसूबाई, द्वारकेची आई. माघ लागता लागता तापाचं निमित्त झालं आणि गेली. तार मुंबईला पोचून द्वारका आगबोटीने घरी येईतो सगळं उरकलं होतं. घरात आता यमुनाआत्या तेवढी उरली. ती द्वारकेच्या वडिलांची थोरली बहीण. कुंकू पुसून लहानपणीच माहेरी आली ती इथलीच झाली. वडील गेले तेव्हा द्वारका इंग्रजी तिसरीत होती. पुढे या दोघी बायकांनीच तिला शिकवलं. आंब्याची थोडी कलमं, आवाराच्या दगडी गडग्याच्या कडेचे माड आणि परसातला जुना रातांबा एवढ्याच्या जोरावर. ती कॉलेजात जायला निघाली तेव्हा शेजारच्या मथुरावहिनींनी विचारलं होतं, एवढ्या शिकलेल्या मुलीला नवरा कुठून आणणार, विलायतेहून काय? येसूबाईंनी उत्तर दिलं होतं की लागला तर तिथूनही आणू, बोट भरून येईल.

मुंबईच्या विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर द्वारका संशोधनासाठी तिथेच राहिली, गिरगावात मामांकडे. प्रयोगशाळेचे डॉ. कोठारे आपल्याकडच्या रानातल्या बियांची तेलं तपासत असत. कोणी उंडी घेऊन बसला होता, कोणी करंज. द्वारकेच्या वाट्याला कोकम आलं. कोकम म्हणजे रत्नागिरीचा रातांबा. त्याच्या सालींची आमसुलं होतात. बिया फोडून, वाटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं आणि निवल्यावर मेणासारखं थिजतं. ते मुठीत दाबून बायका त्याचे मुटके करून ठेवतात, थंडीत ओठांना आणि फुटलेल्या टाचांना लावायला. या तेलात कोणती आम्लं किती आहेत, ते काढणं हे द्वारकेचं काम होतं. गोव्याहून नमुने मागवले, कारवारहून मागवले. रत्नागिरीचं तेल आईकडूनच यायचं हे उघड होतं.

तिने आईला लिहिलं होतं, तेल अगदी शुद्ध हवं, वासासाठी, रंगासाठी, कशासाठीही काही मिसळू नकोस. येसूबाईंनी मोठ्या गोल अक्षरात उत्तर पाठवलं होतं: शुद्धच आहे, निश्चिंत अस.

आणि मग रत्नागिरीच्या तेलात असं काहीतरी सापडलं, जे गोव्याच्या तेलात नव्हतं, कारवारच्या नव्हतं, आजवर कोणी कोकमात नोंदलेलं नव्हतं. एक हलकं आम्ल. थोडंसंच, पण दर डब्यात. डॉ. कोठाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो योग्यच विचारला होता. हे आम्ल नारळाच्या तेलात असतं. भांडं खोबरेलाचं नव्हतं ना? द्वारकेने पुन्हा घरी लिहिलं. उत्तर आलं की भांडं नवं कोरं आहे, राखेने घासलेलं आहे, तुझ्या शब्दाबाहेर काही केलेलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली. ते सहसा हसत नसत. त्या दिवशी हसले. म्हणाले, जांभ्यावर वाढलेलं झाड, वर खारा वारा, त्याने झाडाचा स्वभाव बदलला असेल, कोणी सांगावं. विद्यापीठाच्या नियतकालिकात तिचा निबंध घ्यायचं ठरलं. प्रबंधही त्या आम्लावरच उभा राहिला. निबंध छापून आला की पुढे संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळेल, असं डॉक्टरांनी जवळजवळ कबूल केलं होतं. नाहीतर मामांचं सांगणं ठरलेलं होतं, एवढं झालं की पुरे. शाळेत नोकरी धर नाहीतर स्थळ बघू.

छापखान्याची प्रुफं द्वारकेच्या ट्रंकेत होती. तपासून पुढच्या बोटीने परत न्यायची होती.

या सगळ्यात एक गोष्ट तिला उलगडली नव्हती. ते आम्ल प्रत्येक डब्यात सारखं नसे. कधी कमी असे, कधी खूपच जास्त. तिने कचेरीतून रत्नागिरीच्या पावसाचे आकडे मिळवले, दोन्हींचे आलेख काढून एकावर एक ठेवले. जुळले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, हा पुढचा प्रश्न, शिष्यवृत्ती मिळाल्यावर सोडव.

समईपुढे बसल्या बसल्या तिने आत्याला विचारलं, "दर डब्यात घालायची?"

"तर. डबा काय, फराळाचं काय, समुद्रावरून जायचं ते तसंच कसं पाठवायचं?"

हे द्वारकेला नवीन नव्हतं. त्यांच्या आळीतले बहुतेक पुरुष मुंबईला. जो कोणी बोटीवर चढायचा त्याच्या गाठोड्यातल्या लोणच्यात, लाडवात समईतलं तेल थोडंसं पडायचंच. पाण्यावर वाट नसते. समईचं तेल बरोबर असलं की माणूस पोचतं, असं बायका म्हणत. ती स्वतः दरवेळी मुंबईला निघायची तेव्हा आई तिच्या टाळूवर हेच तेल थापायची, आणि बोटीवर चढल्याबरोबर ती ते रुमालाने पुसायची. गाठोड्यात तेल जातं हे तिला ठाऊक होतं. पण कोकमतेलाचा तो डबा तिच्या लेखी कधी गाठोड्यातला नव्हताच. तो विद्यापीठाचा होता.

"मी तिला लिहिलं होतं आत्या. काही मिसळू नकोस म्हणून. दोनदा लिहिलं."

आत्या आता वळून बसली. "मिसळलंन कुठे? मिसळणं म्हणजे पाणी घालणं, चरबी घालणं, वाण्यासारखं. देवाच्या समईतलं तेल घातलं की असेल ती वस्तू शुद्ध होते. तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलंन. म्हणाली, वन्सं, शुद्ध मागतेय पोर, म्हणजे आणखी एक पळी घालायला हवी."

द्वारकेला हसू आलं.

किती घालायची, हे तिने विचारलं. आत्याने पळी उचलून दाखवली. माप असं काही नव्हतं. कधी एक, कधी दोन. मनाला जेवढी रुखरुख असेल तेवढी.

दुपारी मथुरावहिनी आल्या. सुतक संपल्यावर शेजारणीने येऊन घटकाभर बसायची रीत होती. त्या येसूबाईंबद्दलच बोलत राहिल्या. आम्हा बायकांचं नाव रेशनच्या वहीपलीकडे कुठे जातं, म्हणाल्या. येसूचं नाव पुस्तकात गेलं. तिच्या हातच्या तेलात असं काही आहे, जे मुलखात कुठे नाही. विहिरीवर रोज सांगायची. आम्ही तिला म्हणायचो, एवढं आहे तर आम्हाला टाचांना तरी दे. अंगात ताप असतानासुद्धा मला म्हणत होती, मथुरा, छापून आलं की तुला दाखवीन, तुला वाचता येत नाही तरी बघ.

द्वारका ऐकत होती. आईला तिने कधीतरी लिहिलं होतं, तुझ्या तेलात जे आहे ते कोणाच्या तेलात नाही. ते वाक्य तिने कौतुकाने लिहिलं होतं आणि ते खरं होतं. आताही खरंच होतं.

मथुरावहिनी गेल्यावर तिने स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं. खालच्या फळीवर केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेला कोकमतेलाचा एक मुटका होता. पुढच्या बोटीसाठी येसूबाईंनी करून ठेवलेला. पांढरा, किंचित पिवळसर, घट्ट. एका बाजूला चार बोटांच्या खाचा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याची खळगी. करंगळीची खाच जरा तिरकी. कधीकाळी विळीवर नारळ खवताना ते बोट कापलं होतं, ते सरळ मिटत नसे. द्वारकेने मुटका हातात घेतला. आपली बोटं त्या खाचांवर तिने ठेवली नाहीत. पान पुन्हा गुंडाळलं.

तिचं म्हणणं साधं होतं. आत्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आत्याला पळी आठवत होती, पण खोबरेल नसताना त्या झाडाच्या तेलात ते आम्ल मुळीच नाही, हे कुठे कोणी पाहिलं होतं? असेलही. डॉक्टर म्हणत होते तसं जांभ्याने आणि वाऱ्याने काही केलं असेलही. तसं असलं तर निबंध वाचत होता. तिला तसं व्हायला हवं होतं, हे ती स्वतःपाशी नाकारत नव्हती.

गेल्या वैशाखातल्या बिया टोपलीत होत्या, त्याच झाडाच्या. दुसऱ्या दिवशी आत्याने आणि तिने मिळून त्या फोडल्या, उखळात कुटल्या, पाट्यावर वाटल्या. आत्याला हे काम आवडलं. हाताला उद्योग मिळाला की तिचं तोंडही मोकळं व्हायचं. येसूबाई वाटताना कशी पुटपुटायची, तेल वर आल्यावर चुलीवरचं भांडं कोणाला हलवू द्यायची नाही, ते सगळं ती सांगत होती. पाण्यावर तेलाचा तवंग धरला, निवला, थिजला. आत्याने सवयीने बुधल्याकडे हात नेला आणि आखडता घेतला.

"नको म्हणतेस ना?"

"नको, आत्या."

"बघ हो. हे समुद्रावरून जायचंय."

"आधी इथल्या हायस्कुलात जायचंय. मग बघू."

हायस्कुलातले फाटक मास्तर द्वारकेचे जुने शिक्षक. शास्त्राच्या खोलीची किल्ली त्यांच्याच जानव्याला बांधलेली असते अशी मुलांची थट्टा होती. रविवारी ती त्यांच्या घरी गेली, सगळं सांगितलं, आणि तराजू, थेंब मोजून सोडायची ब्युरेट, थोडा पोटॅश नि स्पिरिट मागितलं. मास्तर ऐकता ऐकता सुपारी कातरत होते.

"एका म्हाताऱ्या बाईच्या सांगण्यावरून तू निबंध मागे घेणार?"

"सांगण्यावरून नाही. म्हणून तर ब्युरेट मागायला आलेय."

"आणि मी म्हटलं ब्युरेट फुटलीय, तर?"

"मग मुंबईला जाऊन करीन. पण प्रुफं द्यायच्या आत कळलं तर बरं."

मास्तरांनी किल्ली काढून दिली. देता देता म्हणाले, "शाळेत असताना तू माझे लिटमसचे कागद पळवले होतेस. रातांब्याच्या रसात बुडवून बघायला. मला कळलं होतं. तेव्हाच छडी मारली असती तर आज घरी सुखाने पापड लाटत असतीस."

ते बरोबर आले. खोलीत खडूचा आणि जुन्या स्पिरिटचा वास होता. काचेची भांडी द्वारकेने स्वतः धुतली, मास्तर पुसू लागले तेव्हा फडकंही बदलायला लावलं. प्रयोग तसा विद्यार्थ्यांचाच होता. तेल पोटॅशमध्ये उकळलं की त्याचा साबण होतो. पोटॅश किती खर्च झाला ते मोजलं की तेलाचा स्वभाव कळतो. खोबरेलातली आम्लं हलकी, म्हणून त्याला पोटॅश जास्त लागतो. कोकमाला कमी. कोकमात खोबरेल पडलं असेल तर आकडा वर सरकणार, आणि जेवढं पडलं असेल तेवढाच सरकणार.

पहिल्या चंबूत तिने नवं तेल घेतलं, आत्याने आणि तिने काढलेलं. दुसऱ्यात तेच तेल, पण समईच्या बुधल्यातलं खोबरेल वजन करून मिसळलेलं. दोन्ही पाण्याच्या भांड्यात उकळत ठेवले. मास्तर खिडकीशी उभे राहून समुद्राकडे बघत होते. मग खर्च न होता उरलेला पोटॅश मोजायला तिने ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडायला सुरुवात केली. चंबूतला दर्शकाचा गुलाबी रंग हलवताना फिकट होत गेला, आणि एका थेंबासरशी नाहीसा झाला.

नव्या तेलाचा आकडा गोव्याच्या तेलाचा होता. कारवारच्या तेलाचा होता. त्यात रत्नागिरीचं म्हणून काही नव्हतं.

दुसऱ्या चंबूचा आकडा वर गेला, जायला हवा होता तितका.

द्वारकेने दोन्ही पुन्हा केले. मास्तरांनी स्वतः ब्युरेट वाचली, चष्मा काढून, परत लावून. दोघांचा आकडा सारखा आला. आता राहिला तो केळीच्या पानातला मुटका. नव्या तेलाने तिची शंका फिटली होती. पण बिया वाळवताना, कुटताना यंदा काही वेगळं झालं असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं. ज्या हातचं तेल ती इतकी वर्षं तपासत होती, त्या हातचं तेल याच ब्युरेटखाली घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती.

मास्तरांना मुटका कोणाचा हे कळलं. ते जवळ आले. "एका कडेचं खरवडून घे," हलकेच म्हणाले. "चिमूटभर तर लागतं. बाकीचा तसाच राहू दे."

तोच विचार तिने सकाळपासून किती वेळा केला होता. सुरीसुद्धा हातात धरून पाहिली होती. पण तेल थिजताना सगळीकडे सारखं थिजत नाही. कोकमाचा भाग आधी घट्ट होतो, खोबरेल आत किंवा कडेला राहतं. कडेचा तुकडा एक सांगेल, मधला दुसरंच सांगेल. नमुना घ्यायचा तर आख्खा गोळा वितळवून, ढवळून मगच घ्यायचा. प्रयोगशाळेत नव्या मुलांना हे तीच शिकवत असे, आणि कोणी चुकारपणा केला तर चंबू ओतून द्यायला लावत असे.

"आख्खाच घ्यावा लागतो, मास्तर," ती म्हणाली.

तिने मुटका वाटीत ठेवला आणि वाटी गरम पाण्यात. बराच वेळ काही झालं नाही. मग खालची बाजू पारदर्शक होऊ लागली. अंगठ्याची खळगी आधी गेली. बोटांच्या खाचा वर होत्या. त्या एकमेकींत मिळत गेल्या, नुसती एक लांबट लाट राहिली, मग तीही बसली. करंगळीची तिरकी खाच सगळ्यांत शेवटपर्यंत दिसत होती, की दिसत असल्यासारखं द्वारकेला वाटत होतं, ते सांगता येणार नाही. मास्तर पुन्हा खिडकीशी गेले. तिने काचेच्या कांडीने तेल ढवळलं, वजन केलं, पोटॅश घातला.

आकडा वर गेला. दुसऱ्या चंबूपेक्षाही वर. येसूबाईंनी या वेळी दोन पळ्या घातल्या असाव्यात. किंवा तीन.

घरी आल्यावर तिने ट्रंकेतून प्रुफं काढली. माजघरात उजेडाला बसून ती तक्त्यापाशी आली, जिथे दर डब्याचा आकडा ओळीने छापला होता. हा तक्ता तिला पाठ होता. आता ती तो पहिल्यांदा वाचत असल्यासारखा वाचू लागली. सगळ्यांत कमी आम्ल वैशाखातल्या डब्यात. त्या खेपेला ती सुट्टी संपवून स्वतःच घरून निघाली होती, डबा तिच्याच हातात होता, आणि तेल तिच्या टाळूवरही पडलं होतं. डब्याला वेगळी काळजी नको होती. मग थोडं जास्त, परीक्षेच्या वेळचं. आणि सगळ्यांत वरचा तो आकडा, ज्याच्यावरून डॉ. कोठारे टेबलाशी येऊन उभे राहिले होते. तो डबा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बोटीने आला होता. त्या पावसाळ्यात द्वारकेला विषमज्वर झाला होता. बोटी बंद, घाटात दरडी, आईला येता आलं नव्हतं. मामांची पत्रं तेवढी येत होती, बरी आहे, बरी आहे अशी. बंदर उघडल्याबरोबर येसूबाईंनी डबा पाठवला होता.

पावसाच्या आकड्यांशी न जुळलेला तो आलेख द्वारकेने मनातल्या मनात पुन्हा काढला. तो कुठे वर चढत होता आणि कुठे उतरत होता, याचं एकही कारण आता शोधायचं राहिलं नव्हतं.

आत्या दारात येऊन उभी होती. "काय निघालं?"

"तू म्हणालीस तेच."

"म्हणजे येसूचं तेल खोटं?"

"तेल खोटं नाही, आत्या. मी त्याच्याबद्दल लिहिलं ते चूक आहे."

आत्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "कोणाला कळलं नसतं."

"हो."

"तिला केवढं वाटायचं त्याचं. रोज विचारायची, पोस्ट आलं का."

आईचं नाव निबंधात कुठेच नव्हतं. नमुन्यांच्या यादीत 'रत्नागिरी' एवढंच होतं. पण आईपुरतं ते आम्ल हेच तिचं नाव होतं, आणि ते आता द्वारकेच्याच हाताने जायचं होतं. तिने टाक घेतला. मधली दोन पानं आणि तक्ता यांवर तिरपी रेघ मारली. मग डॉ. कोठाऱ्यांना पत्र लिहिलं, की रत्नागिरीच्या नमुन्यात आढळलेलं आम्ल झाडाचं नसून खोबरेलातून आलेलं आहे. त्याच झाडाचं तेल नव्याने काढून, तपासून खात्री केली आहे. नमुना तयार होताना मी हजर नव्हते, ही चूक माझी. निबंध मागे घ्यावा, आणि प्रबंधात रत्नागिरीचं तेल इतर ठिकाणच्या तेलासारखंच आहे एवढंच राहील. नव्या तेलाचा डबा सोबत आणत आहे. खोबरेल कोणी घातलं आणि कशासाठी, हे लिहावं असं तिला क्षणभर वाटलं. पण निबंधाला आणि निबंध मागे घेणाऱ्या पत्रालाही त्यासाठी जागा नसते.

आळीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी मथुरावहिनी विहिरीवरून सरळ आत आल्या. मास्तरांकडून काही ऐकलं ते खरं काय? येसूच्या तेलात काही नव्हतं म्हणे? द्वारका बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "होतं गो. नव्हतं कसं? पण झाडाने घातलेलं नव्हतं, येसूने घातलेलं होतं. मग ते तिचंच ना?"

मथुरावहिनींनी विचार केला. "तसं म्हटलं तर तिचंच," म्हणाल्या, आणि शाळेतून परत आणलेल्या वाटीतल्या, मुटक्याच्या उरलेल्या थिजलेल्या तेलाकडे बघून, ते आता कोणाला नको असेल तर टाचांना नेऊ काय, असं विचारलं. द्वारकेने वाटी त्यांच्या हातात दिली. उगाच ठेवून ते खवट झालं असतं.

निघायच्या दिवशी नव्या तेलाचा डबा द्वारकेने स्वतः भरला, झाकणाच्या कडेने मेण ओतलं, दोरा बांधला. आत्या जवळ बसून बघत होती. समई लागलेली होती. आत्याचं लक्ष डब्याकडून समईकडे आणि समईकडून डब्याकडे जात होतं. येसूबाईंच्या घरातून पाण्यावरून जाणारी वस्तू अशी कोरडी गेल्याचं तिला आठवत नसावं.

"थेंबसुद्धा नाही?"

"थेंबसुद्धा नाही, आत्या."

"बरं." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. समईतलं तेल पळीत घेऊन द्वारकेसमोर आली. "मग खाली बस. डोकं तर नाही ना तपासायला मागत तुझा सायब?"

द्वारका खाली बसली, मान वाकवली. तेल कोमट होतं. आत्याने तळव्याने ते टाळूवर थापलं, एकदा, मग पुन्हा वळून आणखी एक पळी आणली आणि तीही थापली.

बंदरावर आगबोट दूर उभी होती. पडावात उतारू चढत होते. सुलेमान तांडेल, जो आजवर येसूबाईंच्या हातचे डबे बोटीवर चढवत आला होता, त्याने सवयीने हात पुढे केला. "आईचा डबा काय?" मग त्याला आठवलं असावं. त्याने नजर खाली केली.

"कोकमतेलाचा आहे, सुलेमानभाई. माझ्याजवळच राहू दे."

पडाव हलला. भगवतीचा किल्ला हळूहळू बाजूला सरकला. वाऱ्याने पदर डोक्यावरून खाली आला आणि तेल केसांतून कानामागे, मग मानेवर उतरू लागलं. द्वारकेने कमरेचा रुमाल काढला. डबा मांडीवर होता. तो उचलून तिने पलीकडच्या बाजूला ठेवला, तेलाचा ओघळ पोचणार नाही एवढ्या अंतरावर, आणि रुमाल तसाच घडी करून परत कमरेला खोचला.